पोटाचा कॅन्सर: 'ॲसिडिटी' म्हणून महिनोन्महिने गोळ्या खाऊ नका; दुर्बिणीची तपासणी कधी करायची, ते समजून घ्या

जेवण झालं की छातीत जळजळ, पोट फुगल्यासारखं, आंबट ढेकर. गावात असं प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला होतंच. कुणी सोडा पितं, कुणी ओवा चावतं, कुणी मेडिकलमधून 'गॅसची गोळी' आणतं. बहुतेकांना खरंच साधं पित्तच असतं आणि ते चार-आठ दिवसांत बसतं. पण थोड्या लोकांमध्ये याच तक्रारींच्या आड जठराचा कॅन्सर वाढत असतो. गोळीने बरं वाटतं म्हणून सहा महिने, वर्ष निघून जातं. मग वजन उतरतं, जेवण जात नाही, आणि तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्याची वाट धरली जाते. तोवर अनेकदा ऑपरेशनची वेळ टळून गेलेली असते.

हा आजार लवकर सापडला तर पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून साधं पित्त कुठे संपतं आणि तपासणीची गरज कुठे सुरू होते, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत हवं.

थोडक्यात महत्त्वाचं

• ४५-५० वयानंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं आणि दोन-तीन आठवड्यांत न बसणारं पित्त अंगावर काढू नये.
• वजन उतरणं, घास अडकणं, वारंवार उलटी, काळी शौच, रक्त कमी होणं यातलं एकही लक्षण असेल तर वय किती का असेना, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.
• ही तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. पोट फाडावं लागत नाही.
• उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होऊ शकतात. शेत विकायच्या आधी योजनेची चौकशी करा.

'पोटाचा कॅन्सर' म्हणजे नेमका कुठला?

आपण छातीखालच्या सगळ्या भागाला 'पोट' म्हणतो. त्यामुळे लिव्हर, आतडं, स्वादुपिंड, गर्भाशय यातल्या कशाचाही कॅन्सर झाला तरी गावात 'पोटाचा कॅन्सर झाला' असंच सांगतात. हे सगळे वेगवेगळे आजार आहेत. त्यांच्या तपासण्या वेगळ्या, उपचारही वेगळे. या लेखात जठराच्या कॅन्सरची माहिती आहे.

जठर म्हणजे अन्न पहिल्यांदा साठतं ती पिशवी. घशातून उतरलेला घास अन्ननलिकेतून जठरात येतो. तिथे आम्लात घुसळला जातो आणि थोडा थोडा करून लहान आतड्यात सोडला जातो. या पिशवीच्या भिंतीला एकाखाली एक थर असतात. सगळ्यात आत नाजूक अस्तर, त्याखाली स्नायूंचा जाड थर आणि बाहेरून पातळ आवरण. कॅन्सर बहुतेक वेळा आतल्या अस्तरात सुरू होतो आणि हळूहळू बाहेरच्या थरांकडे सरकतो. तिथून जवळच्या गाठींत, लिव्हरमध्ये, पोटाच्या पडद्यावर पसरतो.

उसाला हुमणी लागते तेव्हा वरून पीक हिरवंगार दिसतं. पानं पिवळी पडतात तोवर खाली मुळं खाल्लेली असतात. जठराचंही तसंच आहे. पिशवी मोठी आणि लवचीक असल्याने आत लहानशी गाठ वाढत असली तरी माणूस जेवतो, कामाला जातो. त्रास जाणवायला लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

किती लोकांना होतो?

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगभरात सुमारे ९ लाख ६९ हजार लोकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने दगावले. कॅन्सरच्या प्रकारांत याचा पाचवा क्रमांक लागतो. बायकांपेक्षा पुरुषांत प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे. बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीच्या पुढचे असतात, पण तिशी-चाळिशीतही होतो.

भारतात सगळीकडे सारखं प्रमाण नाही. मिझोरामसारख्या ईशान्येकडच्या राज्यांत ते सर्वांत जास्त आहे. तिथे धुरावर वाळवलेलं मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी वापरायची जुनी सवय आहे. दक्षिणेत चेन्नईकडेही प्रमाण जास्त आढळतं. महाराष्ट्रात त्या मानाने कमी आहे.

आपल्या भागासाठी एक गोष्ट अभिमानाची आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सरची घरोघर जाऊन नोंद ठेवायचं देशातलं पहिलं काम १९८७ साली बार्शीत सुरू झालं. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं त्यात होती. नोंदीबरोबर गावोगावी लक्षणांची माहितीही दिली गेली. त्यानंतर गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागल्याचं दिसून आलं. लोकांना लक्षण कळलं की लोक लवकर दवाखान्यात येतात, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे.

जठराच्या कॅन्सरला हीच गोष्ट जास्त लागू पडते. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीच्या पुढच्या लोकांची कॅन्सर तपासणी होते, पण ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची. जठराची सरसकट तपासणी आपल्याकडे नाही. दक्षिण कोरियात आजार फार असल्याने तिथलं सरकार चाळिशीच्या पुढच्यांची दर दोन वर्षांनी तपासणी करतं, त्यामुळे तिथे बरेच रुग्ण लवकर सापडतात. आपल्याकडे कुणी घरी येऊन जठर तपासणार नाही. लक्षण ओळखून आपणच जायला हवं.

होतो कशामुळे?

पोटातला जंतू: सगळ्यात मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. थोडक्यात एच. पायलोरी. जठरात इतकं आम्ल असतं की तिथे जंतू जगूच शकत नाही, असं पूर्वी डॉक्टर मानायचे. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी हा जंतू शोधला. लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतःच पिऊन घेतले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या जंतूला कॅन्सर करणाऱ्या पक्क्या कारणांच्या यादीत टाकलं.

हा जंतू स्वतःभोवती अमोनिया तयार करतो, त्यामुळे आम्ल त्याला मारू शकत नाही. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो. घरातल्या माणसांकडून, अस्वच्छ हातांमधून, दूषित पाण्यातून. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो. घाबरायचं कारण नाही, कारण त्यातल्या फार थोड्यांना कॅन्सर होतो. पण काहींच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहते, मग अस्तर झिजतं, त्याचं रूप बदलतं आणि शेवटी कॅन्सरच्या पेशी तयार होतात. या प्रवासाला वीस-तीस वर्षंही लागतात.

मीठ आणि खारवलेलं अन्न: जास्त मीठ अस्तराला इजा करतं. खारवलेलं, धुरावलेलं, खूप दिवस मुरवलेलं अन्न रोज मोठ्या प्रमाणात खाणाऱ्या लोकांत हा कॅन्सर जास्त दिसतो. जेवणात लोणच्याची एक फोड घेतली म्हणून काही होत नाही. पण रोज लोणचं, पापड, सुकी मासळी आणि वरून मीठ घ्यायची सवय असेल तर ती कमी करावी. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, एवढंच मीठ खावं असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. भाजी, आमटी, चटणी, फरसाण सगळं त्यात आलं.

बिडी, सिगारेट, दारू: धूम्रपानाने जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. रोज जास्त दारू पिणाऱ्यांतही धोका वाढतो. तंबाखू, मिसरी, गुटखा यांनी तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होतो. म्हणजे 'मी ओढत नाही, नुसती मळून खातो' यात सुटका नाही.

घराण्यातला इतिहास: आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर इतरांना धोका जास्त असतो. काही मोजक्या घराण्यांत तो जनुकांतून उतरतो आणि तरुण वयात होतो. अशा घरातल्यांनी पोटाची तक्रार सांगताना हा इतिहास डॉक्टरांना आधी सांगावा.

बाकीची कारणं: अन्ननलिका जठराला मिळते त्या तोंडाजवळचा कॅन्सर लठ्ठपणाने वाढतो. पूर्वी अल्सरसाठी जठराचा भाग काढला असेल, किंवा बी-१२ जीवनसत्त्व शोषलं न जाण्याचा जुना आजार असेल तरी धोका वाढतो.

ताजी फळं आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो. शेवगा, मेथी, पेरू, टोमॅटो, लिंबू आपल्याच रानात, परसात असतात. सगळं बाजारात जातं आणि घरात चटणी-भाकरी उरते, एवढं मात्र होऊ देऊ नका.

लक्षणं कोणती?

सुरुवातीला बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा नुसतं पित्त झाल्यासारखं वाटतं. वरच्या पोटात दुखणं, जडपणा, मळमळ, जेवायची इच्छा कमी होणं. आधी दोन भाकरी खाणारा माणूस अर्ध्या भाकरीतच 'पोट भरलं' म्हणायला लागतो. घरातल्या बाईच्या हे आधी लक्षात येतं, कारण ताटात उरलेलं तिलाच दिसतं. ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका.

पुढची लक्षणं धोक्याची घंटा समजा:

• डाएट न करता दोन-तीन महिन्यांत वजन उतरणं, कपडे ढिले होणं
• घास गिळताना अडकणं
• वारंवार उलटी, त्यात सकाळी किंवा आदल्या दिवशी खाल्लेलं अन्न तसंच पडणं
• उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट रंग
• डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच
• थकवा, दम लागणं, चेहरा पांढरा पडणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी येणं
• वरच्या पोटात हाताला गाठ लागणं, पोटात पाणी होणं, डाव्या बाजूला गळ्याच्या हाडावर गाठ येणं

यातली शेवटची लक्षणं बहुधा आजार पुढे गेल्यावर येतात. त्यांची वाट पाहू नये.

काळी शौच आणि कमी रक्त याबद्दल थोडं जास्त. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तरी शौच काळी होते, त्यामुळे डॉक्टरांना तसं सांगा. पण गोळ्या चालू नसताना डांबरासारखी शौच होत असेल तर वर कुठेतरी रक्त जातंय असं धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी आलं तर नुसत्या गोळ्या किंवा रक्ताची बाटली घेऊन थांबू नका. रक्त जातंय कुठे, हे शोधायला हवं.

गोळीने बरं वाटतं, मग बिघडलं कुठे?

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या वाईट नाहीत. त्या जठरातलं आम्ल कमी करतात आणि गरज असेल तिथे फार उपयोगी आहेत. अडचण वेगळीच आहे. कॅन्सरची जखम सुरुवातीला साध्या अल्सरसारखी असू शकते. आम्ल कमी झालं की तिची जळजळ थांबते, जखम वरवर भरूनही येते. माणसाला वाटतं, आजार गेला. आतली वाढ मात्र चालूच राहते.

म्हणून हिशेब सोपा ठेवा. स्वतःच्या मनाने आणलेली गोळी दोन आठवड्यांच्या वर चालवायची नाही. बंद केल्यावर त्रास परत आला तर तिसरं पाकीट आणण्याऐवजी डॉक्टरांना दाखवायचं. आणि वरच्या यादीतलं एक जरी लक्षण असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

सुगीच्या दिवसांत अंगदुखीसाठी रोज एक 'पेनकिलर' घ्यायची सवय अनेकांना असते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जठरात अल्सर होतात आणि रक्त जातं. अल्सर म्हणजे कॅन्सर नव्हे. पण पोटाच्या तक्रारीसाठी गेल्यावर या गोळ्या घेत असल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका.

दुर्बिणीची तपासणी: भीती नको

जठराचा कॅन्सर आहे की नाही, हे पक्कं सांगणारी तपासणी म्हणजे एन्डोस्कोपी. आपल्याकडे तिला 'दुर्बीण टाकणे' म्हणतात. सोनोग्राफीत जठराच्या आतलं अस्तर नीट दिसत नाही. त्यामुळे 'सोनोग्राफी नॉर्मल आली' म्हणून निर्धास्त होता येत नाही. अनेकांचे महिने इथेच वाया जातात.

तपासणीच्या आधी सहा ते आठ तास उपाशी राहायचं असतं. घशात बधिर करणारं औषध फवारतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि करंगळीएवढी जाड लवचीक नळी तोंडातून आत सोडतात. नळीच्या टोकाला कॅमेरा असतो. मळमळतं, ओकारी आल्यासारखं होतं, पण दुखत नाही. श्वास नाकाने चालूच असतो. पाच-दहा मिनिटांत काम होतं. काही ठिकाणी गुंगीचं इंजेक्शन देतात. ते घेतलं तर त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही, सोबत माणूस न्यायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधीच सांगायचं.

आत जखम किंवा गाठ दिसली तर डॉक्टर चिमट्याने तिचे बारीक तुकडे घेतात. यालाच बायोप्सी म्हणतात. एका जागेवरून एकच तुकडा घेतला तर कॅन्सर हुकू शकतो, म्हणून सहसा सहा-आठ तुकडे घेतात. जखम निघाली असेल तर 'तुकडा तपासायला पाठवला का?' हे नक्की विचारा. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तो आणायला जाणं टाळू नका. जठराचा अल्सर निघाला असेल तर औषधानंतर तो भरला का, हे बघायला डॉक्टर पुन्हा बोलावतात. बरं वाटतंय म्हणून ती तारीख चुकवायची नाही.

एच. पायलोरी आहे का, हे त्याच तुकड्यातून, श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून कळतं. जंतू निघाला तर साधारण १४ दिवस तीन-चार औषधांचा कोर्स असतो. मधेच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का, ते पुन्हा तपासतात.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला तर?

पुढचा प्रश्न असतो, आजार कुठवर पोचलाय? त्यासाठी छाती-पोटाचा सीटी स्कॅन करतात. काहींना पोटाला बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने आतला पडदा बघावा लागतो, कारण तिथले बारीक दाणे स्कॅनमध्ये दिसत नाहीत. यावरून टप्पा ठरतो.

टप्प्याने किती फरक पडतो, हे अमेरिकेतल्या नोंदींवरून कळतं. आजार जठरापुरताच असताना सापडलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण सत्तर ते पंचाहत्तर जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडलं तर शंभरात दहाहून कमी. आजार एकच, फरक फक्त सापडण्याच्या वेळेचा.

फक्त अस्तरात असेल तर: काही रुग्णांत पोट न उघडता दुर्बिणीतूनच तेवढा भाग सोलून काढता येतो.

भिंतीत किंवा जवळच्या गाठींत गेला असेल तर: ऑपरेशन हा मुख्य इलाज. जठराचा खालचा भाग किंवा पूर्ण जठर काढतात, आजूबाजूच्या गाठीही काढतात आणि आतडं वर जोडतात. आता बऱ्याच रुग्णांना ऑपरेशनआधी साधारण दोन महिने आणि नंतर तेवढेच केमोथेरपी देतात. 'आधी केमो कशाला, ऑपरेशन करून मोकळे व्हा' असं पाहुणे म्हणतील. पण आधी दिलेल्या केमोने गाठ लहान होते आणि इतरत्र गेलेल्या पेशींवरही मारा होतो. अशा ऑपरेशनांचा सराव असलेल्या डॉक्टरांकडेच ते करावं.

दूर पसरला असेल तर: केमोथेरपीने आजार रोखून आयुष्य वाढवायचा प्रयत्न होतो. तुकड्याची जास्तीची तपासणी करून काहींना विशिष्ट औषधं लागू पडतात का, ते बघतात. जठराचं तोंड बंद झालं असेल तर जाळीची नळी टाकून अन्नाची वाट मोकळी करता येते. वेदना थांबवायला मॉर्फिनसारख्या गोळ्या आहेत. 'आता काही होणार नाही' म्हणून घरी नेलं तरी वेदनेवरचे उपचार बंद करू नयेत.

जठर काढल्यावर माणूस जेवतो कसा?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. जठर नसलं तरी माणूस जेवतो, पचवतो, फिरतो आणि हळूहळू कामालाही लागतो. पिशवी नसल्याने एकावेळी जास्त खाता येत नाही, एवढंच. दिवसातून सहा ते आठ वेळा थोडं थोडं खायचं. घास बारीक चावायचा. पाणी जेवताना न पिता आधी किंवा अर्ध्या तासाने प्यायचं. सरबत, गोड चहा, गुळाचं पाणी एकदम प्यायलं तर ते थेट आतड्यात उतरून घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. म्हणून गोड बेतानं.

अंडी, डाळ, ताक, पनीर, मासे असं ताकदीचं खाणं थोडं थोडं चालू ठेवावं. पूर्ण जठर काढलं असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं कायम घ्यावी लागतात. लोह आणि कॅल्शियमही डॉक्टर सांगतील तसं. पहिले काही महिने वजन उतरतं, मग बहुतेकांचं एका ठिकाणी थांबतं.

खर्चाचं काय?

कॅन्सर म्हटलं की पहिला विचार येतो तो रान विकायचा किंवा सावकाराकडे जायचा. त्याआधी हे करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कॅन्सरची ऑपरेशनं, केमोथेरपी, रेडिएशन यात येतात. पण रुग्णालय योजनेच्या यादीतलं असावं लागतं आणि मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. आधी पैसे भरून नंतर परत मिळतील, या भरवशावर राहू नका. यादीतल्या रुग्णालयात 'आरोग्य मित्र' बसतात, त्यांना पहिल्या दिवशीच भेटा. रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड असेल तर ते आणि सगळे रिपोर्ट सोबत ठेवा. रेशनकार्डावर आणि आधारवर नावात फरक असेल तर तो आताच दुरुस्त करून घ्या. चौकशीसाठी जन आरोग्य योजनेचा क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मान भारतचा १४५५५ आहे.

उपचारासाठी बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईत परळचं टाटा मेमोरियल ही नावं माहीत असावीत. रेल्वेने उपचाराला जाताना कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. एसटीच्या सवलतीसाठी आगारात विचारा.

गैरसमज सोडा

'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.' नाही. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का आणि कोणता, हेच कळत नाही, मग इलाज कशाचा करणार?

'ऑपरेशनमध्ये हवा लागली की वाढतो.' नाही. पोट उघडल्यावर आजार पसरलेला दिसतो, कारण तो आधीच पसरलेला असतो. दोष हवेला जातो.

'रुग्णाचं ताट-तांब्या वेगळं ठेवा.' कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाला पंगतीतून उठवू नका, नातवंडांना त्याच्यापासून दूर करू नका.

'तिखट खाल्ल्याने झाला.' तिखटाने जळजळ वाढते. पण या कॅन्सरची मुख्य कारणं जंतू, जास्तीचं मीठ आणि धूम्रपान ही आहेत.

'अमुक ठिकाणी झाडपाल्याने हमखास बरा होतो.' यातच सगळ्यात मोठं नुकसान आहे. झाडपाल्यात गेलेले तीन महिने म्हणजे ऑपरेशन होण्यासारखा आजार न होण्यासारखा होणं. कुणाला श्रद्धेने काही करायचं असेल तर करावं, पण दवाखान्याची तारीख न चुकवता, आणि पोटात काय घेतो ते डॉक्टरांना सांगून.

घरच्यांनी काय करायचं?

गावात अजूनही रुग्णाला आजाराचं नाव सांगत नाहीत. 'अण्णांना सांगू नका, धीर सोडतील' असं पोरं डॉक्टरांना बाहेर बोलावून सांगतात. पण केमो सुरू झाली की अण्णांना कळतंच, फक्त मग कुणाशी बोलावं ते कळत नाही. माणूस मोठा आहे, घर-रान त्याने चालवलेलं आहे. धीराने, थोडं थोडं सांगितलं तर तो उपचाराला साथ देतो.

एका माणसाने फाईल सांभाळावी. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत, मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे दुसऱ्या रुग्णालयात लागतात, ते टाकून देऊ नयेत. डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: आजार कुठल्या टप्प्यात आहे? उपचार बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? योजनेत काय बसतं आणि काय नाही? घरी गेल्यावर कोणतं लक्षण दिसलं तर लगेच यायचं?

घरात कुणी दोन-तीन महिने गॅसच्या गोळीवर असेल तर आज त्याला तीन प्रश्न विचारा. वजन उतरलंय का? जेवण कमी झालंय का? शौच काळी होते का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर उद्या सकाळी ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या आणि दुर्बिणीची तपासणी कुठे होईल, ते विचारा. बहुतेकांच्या तपासणीत साधी सूजच निघते. तसं निघालं तर चांगलंच, योग्य औषध मिळेल आणि जिवाला घोर राहणार नाही. दुसरं काही निघालं, तर ते वेळेत सापडलेलं असेल.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)